काचेचं शहर आणि गहाण पडलेला मस्यू यूलो: 'प्लेटाइम'चं प्रकरण

1974 साली पॅरिसमधली 'स्पेक्ता फिल्म्स' ही कंपनी अवसायनात निघाली आणि तिच्याकडच्या चित्रपटांच्या हक्कांचा लिलाव झाला. हाती आले किती, तर 1 लाख 20 हजार फ्रँकच्या थोडे वर. याच कंपनीच्या 'मों ऑन्क्ल'ने (1958) कान महोत्सवात ज्यूरीचं विशेष पारितोषिक घेतलं होतं आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचं ऑस्करही. एकट्या फ्रान्समध्ये त्याची 45 लाखांच्या आसपास तिकिटं खपली होती.

कंपनी जाक तातीची. दिग्दर्शक तोच, लेखक तोच, पडद्यावरचं मस्यू यूलो (म्हणजे श्रीयुत यूलो) हे विनोदी पात्र रंगवणाराही तोच आणि पैशाची जोखीम घेणाराही तोच. आयुष्यभरात त्याने पूर्ण लांबीचे चित्रपट काढले अवघे सहा. त्यातल्या चौथ्याने, 1967 च्या 'प्लेटाइम'ने, त्याचं घर, कंपनी आणि आधीचे चित्रपट, सगळं गिळलं.

हे प्रकरण सहसा एका ओळीत सांगितलं जातं: परिपूर्णतेच्या वेडापायी एक मोठा कलावंत बुडाला. सांगायला सोपी गोष्ट आहे, आणि अर्धी खरीही आहे. पण वेडे दिग्दर्शक पुष्कळ झाले, सगळे काही असे धुऊन निघाले नाहीत. ताती बुडाला त्याचं कारण मला वेगळं दिसतं. मोठी पैज लावताना त्याने एकही वाट मोकळी ठेवली नाही. आणि गंमत अशी, की वीस वर्षांपूर्वी, हातात फारसं काही नसताना, त्याने ती ठेवली होती.

नकला करणारा रग्बीपटू

जाक तातिशेफचा, म्हणजेच पुढच्या तातीचा, जन्म 9 ऑक्टोबर 1907 चा, पॅरिसजवळच्या ल पेक गावातला. वडिलांकडचे आजोबा रशियन काउंट, पॅरिसच्या रशियन वकिलातीत लष्करी हुद्द्यावर. आईकडचे व्हान हॉफ, त्यांचं प्लास व्हाँदोमच्या भागात चित्रांना चौकटी करून देण्याचं दुकान. शाळेत पोराचं लक्ष नाही म्हटल्यावर त्याला दुकानात बसवलं. (चौकटी बनवणाऱ्याचा नातू पुढे पडद्याच्या चौकटीत रमला, हे वाक्य तातीवर लिहिणारा प्रत्येकजण लिहितो. लिहिलं, पुढे जाऊ.)

त्याचं खरं शिक्षण झालं रग्बीच्या मैदानावर. 'रासिंग क्लब द फ्रान्स'कडून खेळताना सामना संपला की तो संघातल्यांच्या, पंचांच्या, प्रेक्षकांच्या नकला करायचा. सहा फुटांहून उंच माणूस, एक शब्द न बोलता अख्खा सामना उभा करायचा. त्यातूनच खेळाडूंच्या मूकनकलांचा कार्यक्रम तयार झाला आणि तो म्यूझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी-नकलांच्या करमणुकीच्या रंगमंचावर गेला. 1936 मध्ये लेखिका कोलेतने त्याच्यावर लिहिलं. हा माणूस घोडा आणि घोडेस्वार एकाच वेळी होतो, असा तिच्या लिखाणाचा सूर होता.

पहिला चित्रपट 'झूर द फेत' त्याने 1947 मध्ये सँत-सेव्हेर-स्यूर-आँद्र या खेड्यात चित्रित केला. फ्रान्समध्ये तेव्हा 'थॉमसनकलर' नावाचं नवं रंगीत तंत्र आलं होतं आणि हा चित्रपट त्यावरचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट व्हायचा होता. पण तंत्रावर कुणाचाच पुरता विश्वास नव्हता, म्हणून रंगीत कॅमेऱ्याच्या शेजारी दुसरा साधा कॅमेरा लावून प्रत्येक दृश्य कृष्णधवल फिल्मवरही घेतलं गेलं. झालं भीतीप्रमाणेच. रंगीत फिल्मच्या प्रती कंपनीला काढताच येईनात. शेजारच्या कॅमेऱ्यातला चित्रपट 1949 मध्ये लागला आणि तुफान चालला. रंगीत 'झूर द फेत' लोकांनी पाहिला तो थेट 1995 मध्ये, तातीची संकलक मुलगी सोफी हिने तो मार्गी लावल्यावर.

हा दुसरा कॅमेरा लक्षात असू द्या.

पहिले दोन चित्रपट निर्माता फ्रेड ओरँच्या कंपनीतून निघाले. त्यातला दुसरा 'ले व्हाकाँस द मस्यू यूलो' (1953), सँ-मार्क-स्यूर-मेर या समुद्रकाठच्या गावात घडणारा. तोंडात पाइप, आखूड पँट आणि पुढे झुकून पंजांवर उसळत चालणं, असा यूलो इथे जन्मला. चित्रपट गाजले, पण पैशाच्या वाटणीवरून तातीचं आणि ओरँचं बिनसलं. तेव्हापासून तातीने एक गोष्ट मनाशी पक्की केली: आपल्या चित्रपटाचा मालक आपणच. स्पेक्ता फिल्म्स त्यातून आली आणि 'मों ऑन्क्ल'ने त्याचं म्हणणं खरंही करून दाखवलं. पुढच्या सगळ्या घटना या मालकीच्या अटीशी बांधलेल्या आहेत. त्या अटीमुळे त्याला 'नाही' म्हणणारं कुणी उरलं नाही. नुकसान वाटून घेणाराही कुणी उरला नाही, हे जास्त महत्त्वाचं.

ऑस्करनंतर त्याला जग मोकळं होतं. अमेरिकेत त्याला तुम्हाला काय हवं असं विचारलं तेव्हा त्याने स्टॅन लॉरेल, बस्टर कीटन आणि मॅक सेनेट या मूकपटांच्या काळातल्या विनोदवीरांना भेटायचंय असं सांगितलं, अशी आठवण सांगितली जाते. यूलोचे आणखी चित्रपट काढून तो आरामात जगू शकला असता. त्याला मात्र यूलोचाच कंटाळा आला होता.

तातीव्हील

1960 च्या दशकाच्या सुरुवातीचं पॅरिस डोळ्यांसमोर आणा. ला देफाँस हा कचेऱ्यांचा नवा भाग उभा राहतोय, ओर्लीचं नवं विमानतळ-टर्मिनल 1961 मध्ये सुरू झालंय, काच-पोलादाच्या करड्या इमारती शहरात शिरताहेत. तातीला असं पॅरिस दाखवायचं होतं जिथे अमेरिकन पर्यटक बायकांचा एक गट येतो, एक दिवस आणि एक रात्र राहतो, आणि आयफेल टॉवर त्यांना दिसतो तो फक्त काचेच्या दारातल्या प्रतिबिंबात. त्याच शहरात यूलो कुणा अधिकाऱ्याला भेटायला येऊन चुकामुकीत भटकतो. कथानक म्हणून एवढंच.

याचं चित्रीकरण खऱ्या जागी करायचं तर अडचणी होत्या. विमानतळ किंवा कचेऱ्यांचा रस्ता महिनोन् महिने कोण बंद करून देईल? शिवाय सगळा खेळ प्रतिबिंबांचा. खऱ्या इमारतीच्या काचेत कॅमेरा दिसणार, दिवे दिसणार, समोरच्या फुटपाथवरची बघ्यांची गर्दी दिसणार. म्हणून त्याने शहर बांधायचं ठरवलं.

पॅरिसच्या आग्नेयेला, झ्वाँव्हीलच्या बाजूला, एका मोकळ्या माळावर यूजेन रोमाँ या कलादिग्दर्शकाने ते उभं केलं. जागा सुमारे 15 हजार चौरस मीटर, बांधकामावर शंभरेक मजूर. डांबरी रस्ते, सिग्नल, सरकते जिने, स्वतंत्र वीजकेंद्र. काही इमारती रुळांवर होत्या, म्हणजे कॅमेरा जागचा न हलवता रस्ता बदलता यायचा. मागच्या इमारती म्हणजे मोठे केलेले फोटो. लांबवर उभी असलेली काही माणसंही पुठ्ठ्यातून कापलेली आहेत. चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना ती शोधायला मजा येते. लोक या जागेला 'तातीव्हील' म्हणू लागले.

ही उधळपट्टी होती का? ताती स्वतः म्हणायचा की एखादी बडी नटी घेतली असती तर तिच्या मानधनात एवढेच पैसे गेले असते. ही पळवाट नाही, बरोबर हिशेब आहे. 'प्लेटाइम'मध्ये एकही तारका नाही. मुख्य मुलगी बार्बरा हे काम बार्बरा डेनेक या जर्मन तरुणीने केलं, ती पॅरिसमध्ये एका कुटुंबाकडे मुलं सांभाळायला राहत होती. पर्यटक बायका झाल्या त्या पॅरिसजवळच्या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी. तारकेचे पैसे इमारतींवर गेले आणि पडद्यावर इमारतींनीच तारकेचं काम केलं.

एक फरक मात्र होता. तारकेचा करार ठरल्या तारखेला संपतो. उघड्या माळावरच्या शहराला रोज सांभाळावं लागतं. 1964 मध्ये बांधकाम चालू असतानाच वादळांनी सेटचं मोठं नुकसान केलं. वादळांच्या दुरुस्तीचाच खर्च 14 लाख फ्रँकच्या घरात गेला. मग उन्हाची वाट, ढगांची वाट, हवा तसा करडा उजेड मिळण्याची वाट. मग पैसे संपले म्हणून काम बंद, पैसे आले की पुन्हा सुरू. तीन वर्षं गेली. एकूण खर्च दीड कोटी फ्रँकच्या वर पोचला. फ्रेंच चित्रपटात तोवर फार थोड्यांनी एवढा पैसा ओतला असेल.

पैसा आला कुठून? थोडा वितरकांकडून आगाऊ, बाकी कर्ज. पंतप्रधान जॉर्ज पाँपिदू यांनी शब्द टाकल्यावर क्रेदी लियोने बँकेने हात सैल केला. तारण म्हणून गेले आधीच्या चित्रपटांचे हक्क, आणि तातीची स्वतःची मालमत्ता. म्हणजे नवा चित्रपट पडला तर जुने चित्रपट जाणार, कंपनी जाणार आणि राहतं घरही जाणार. या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्यासाठीच तर जगभर लोक कंपन्या काढतात! तातीने कंपनी काढली आणि मग स्वतःच भिंत पाडून घर व दुकान एक केलं.

सेटपुरता त्याच्या मनात पुढचा बेतही होता. चित्रीकरण संपलं की तातीव्हील पाडायचं नाही, तरुण दिग्दर्शकांसाठी कायमचा स्टुडिओ म्हणून ठेवायचं. 1967 मध्ये 'कूर द्यू स्वार' हा लघुपट तिथेच झाला. त्यात ताती विद्यार्थ्यांना नकलेचे धडे देतो, पायरीला अडखळायचं कसं तेही शिकवतो. बेत चांगला होता. पण तो कागदावर आधी कुणाकडूनही बांधून घेतला नव्हता आणि जमीनही तातीच्या मालकीची नव्हती. सेट पाडावा लागला. एवढा खर्च करून उभी केलेली वस्तू, आणि तिचा दुसरा उपयोग शून्य.

नायक मागे सरकतो

'प्लेटाइम' कसा दिसतो हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

क्लोज-अप नाहीत. कॅमेरा लांब उभा, पडदा भलामोठा, आणि पडद्याच्या प्रत्येक कोपऱ्यात काही ना काही चाललेलं. कुठे बघायचं हे कुणी सांगत नाही. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन संवाद कानावर पडतात ते गजबजाटासारखे. इंग्रजी संवाद अमेरिकन विनोदी स्तंभलेखक आर्ट बकवाल्डचे आहेत, पण त्यांतलं ऐकून लक्षात ठेवावं असं जवळपास काही नाही. ऐकायचे ते बाकीचे आवाज. यूलो एका लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला बसलेला असतो. दुसऱ्या टोकाकडून साहेब येतात, टाचांचा टक टक आवाज सुरू होतो. यूलो उठू लागतो, म्हातारा दरवान त्याला हातानेच बसवतो, कारण साहेब दिसले तरी पोचायला वेळ आहे. टक टक चालूच राहते. यात विनोद आहे तो फक्त वेळाचा.

चित्रपटाचा गाभा म्हणजे 'रॉयल गार्डन' रेस्टॉरंटची उद्घाटनाची रात्र. पाऊण तासाच्या आसपास चालणारा हा एकच प्रसंग. बांधकाम अजून संपलेलं नाही आणि गिऱ्हाइकं आत आली आहेत. नाचायच्या जागेची फरशी सुटून वेटरच्या बुटाला चिकटते. खुर्च्यांच्या पाठीवर लोखंडी मुकुटाची नक्षी आहे, ती बसणाऱ्यांच्या कोटांवर उमटते. एक मोठा मासा गाडीवर ठेवलाय. एक वेटर येतो, मीठ-मिरी भुरभुरतो, जातो. दुसरा येतो, तेच करतो. मासा जिथल्या तिथे, ज्यांनी मागवला ते दुसऱ्या टेबलावर गेलेले.

आणि ते दार. यूलोला त्याचा सैन्यातला जुना मित्र भेटतो, तो इथे दरवान आहे. आत ये, नको, या ओढाताणीत काचेचं दार खळ्ळकन फुटतं. दरवानाच्या हातात उरते फक्त पितळी मूठ. समोरून गिऱ्हाईक येतंय. तो क्षणभर थांबतो आणि हवेत मूठ धरून दार उघडल्याची कृती करतो. गिऱ्हाईक अदबीने आत जातं. मग पुढचं. नसलेलं दार तो सगळी संध्याकाळ उघडतो आणि मिटतो. कुणालाच काही वाटत नाही, कारण काच तशीही दिसत नव्हती.

पुढे छताचा भाग खाली येतो, तेव्हा एक अमेरिकन श्रीमंत त्या मोडक्या कोपऱ्यातच स्वतःचा क्लब थाटतो. प्रवेश फक्त ज्यांच्या पाठीवर मुकुटाचा ठसा आहे त्यांना. इथून पुढे सगळ्यांनाच मजा येऊ लागते. मघाशी अवघडून बसलेले लोक नाचायला लागतात.

लक्षात घ्या, या सगळ्यात यूलो कुठे आहे? आहे, पण इतरांसारखाच एक. तातीने मुद्दामच त्याच्यासारखी दिसणारी माणसं चित्रपटभर पेरली आहेत, रेनकोट, हॅट, पाइप. सुरुवातीलाच कुणीतरी 'यूलो!' म्हणून हाक मारतं आणि वळून पाहणारा भलताच निघतो. विनोद एका विदूषकाच्या मालकीचा नसावा, तो गर्दीतल्या कुणाच्याही वाट्याला यावा, असं तातीचं म्हणणं होतं. कला म्हणून मला हा त्याचा सर्वात धाडसी निर्णय वाटतो. व्यवहारात मात्र, 45 लाख लोकांनी ज्या माणसासाठी तिकीट काढलं होतं, त्याला त्याने गर्दीत हरवून टाकलं.

यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. यूलोला मध्यभागी आणला तर तो 'प्लेटाइम' उरत नाही. 'मों ऑन्क्ल'चा दुसरा भाग होतो. ही जोखीम चित्रपटाच्या पोटातच होती, ती टाळता येण्यासारखी नव्हती. टाळता येण्यासारखी होती ती दुसरी.

70 एमएमचा हट्ट

आपल्याकडे '70 एमएम' (ही फिल्मची रुंदी, नेहमीची फिल्म 35 एमएमची) म्हटलं की 'शोले' आठवतो, पण तो 35 एमएमवर चित्रित करून मग मोठा केलेला होता. त्यामुळे छोट्या गावातल्या थिएटरांना नेहमीची 35 एमएम प्रत देता यायची. तातीने 'प्लेटाइम' रुंद फिल्मवरच चित्रित केला, कारण पडद्याच्या कोपऱ्यातला मासा आणि मागच्या टेबलावरचा कोट दोन्ही स्पष्ट दिसायला हवे होते. कॅमेऱ्यामागे झाँ बादाल आणि आन्द्रेआस विंडिंग होते. त्यांचं काम पाहिल्यावर रुंद फिल्मचा आग्रह पटतो.

पण ताती तिथे थांबला नाही. चित्रपट दाखवायचा तोही फक्त 70 एमएमचं यंत्र आणि स्टिरिओ आवाज असलेल्या थिएटरातच, 35 एमएमची प्रत काढायची नाही, असं त्याने ठरवलं. अशी थिएटरं मोठ्या शहरांत, मोजकी. ज्या गावोगावच्या थिएटरांनी 'झूर द फेत' आणि 'मों ऑन्क्ल' चालवले होते, त्यांच्यासाठी 'प्लेटाइम' नव्हताच.

1947 मध्ये नवख्या तातीच्या रंगीत कॅमेऱ्याशेजारी दुसरा कॅमेरा होता. रंग फसला, चित्रपट वाचला. 1967 मध्ये साठीच्या, ऑस्करवाल्या तातीने दुसरी प्रतच नाकारली. लहान पडद्यावर चित्रपटाचं काहीतरी नक्की हरवलं असतं. पण 'झूर द फेत'चा रंगही हरवलाच होता, आणि त्या कृष्णधवल प्रतीनेच त्याला दिग्दर्शक केलं.

16 डिसेंबर 1967 ला पॅरिसच्या एम्पायर थिएटरात चित्रपट लागला. लांबी अडीच तासांच्या आसपास. समीक्षकांत दोन तट पडले, प्रेक्षकांत बहुतेक बुचकळ्यात. मग तातीने स्वतःच कात्री चालवली, प्रदर्शन चालू असताना चित्रपट लहान होत गेला. दिग्दर्शक फ्रांस्वा त्र्युफोने त्याला पत्र लिहून कळवलं की हा चित्रपट दुसऱ्याच ग्रहावरून आलाय, जिथे चित्रपट वेगळ्या तऱ्हेने बनवतात. अभ्यासक नोएल बर्चने पुढे लिहिलं की 'प्लेटाइम' अनेकदा पाहायला हवा, आणि पडद्यापासून वेगवेगळ्या अंतरावर बसून पाहायला हवा. दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि दोन्हींत वितरकाच्या पोटात गोळा येईल असंच काहीतरी आहे.

फ्रान्समध्ये 'प्लेटाइम'ची 12 लाखांच्या आसपास तिकिटं गेली. साध्या खर्चाच्या चित्रपटाला हा आकडा चालून गेला असता. इथे तो बुडीत ठरला. मे 1968 च्या संपांनी चित्रपट मारला असंही कुणी म्हणतं. मला ते पटत नाही, तोवर पाच महिने उलटून गेले होते आणि निकाल लागलेला होता. खरा घाव अमेरिकेचा. एवढा खर्च भरून निघणार तो अमेरिकेतल्या प्रदर्शनावरच, आणि तिथे वेळेवर कुणी घेतलाच नाही. अखेर 1973 मध्ये तो तिकडे लागला. कापून लहान केलेला, आणि 35 एमएमवर.

जप्ती

पुढचं पटकन सांगतो, कारण त्यात नाट्य कमी आणि वकील जास्त आहेत. सँ-झेर्मँ-आँ-ले इथलं कुटुंबाचं घर विकावं लागलं, आई नुकतीच गेली होती. ताती पॅरिसमध्ये राहायला आला. स्पेक्ता प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि शेवटी मोडीत निघाली.

यातला एक पेच मात्र थांबून पाहावा असा आहे. तारण ठेवलेले जुने चित्रपट वादात अडकले आणि कित्येक वर्षं पडद्यावर येईनासे झाले. कर्ज फेडायची खरी ताकद होती ती त्याच चित्रपटांत. 'ले व्हाकाँस' दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे लागला असता, दूरचित्रवाणीने विकत घेतला असता. दुभती गाय गहाण घेतली आणि तिचं दूध काढायचंच बंद केलं, असा तो प्रकार. कर्ज देणाऱ्यांचं नुकसान झालं, तातीचं झालं, आणि एक अख्खी पिढी त्याला न पाहताच मोठी झाली. तातीच्या हट्टाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण तारणाचा माल कुजवण्याच्या या शहाणपणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दिग्दर्शक म्हणून तो संपला नव्हता. 1971 मध्ये 'ट्राफिक' आला. त्यात हॉलंडचा पैसा होता, आणि अर्थातच यूलो मध्यभागी परतला होता, आता मोटारींचा डिझायनर म्हणून, पॅरिसहून अॅमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनाला निघालेला. 1974 चा 'पाराद' स्वीडिश दूरचित्रवाणीसाठी केलेला, सर्कशीच्या खेळाचा, बराचसा व्हिडिओवर चित्रित. 70 एमएमखाली एक बोटभरही उतरणार नाही म्हणणारा माणूस सात वर्षांत व्हिडिओवर आला, आणि त्यातही रमला. 'पाराद' मला आवडतो. सहासष्ट वर्षांचा ताती त्यात पुन्हा त्याच तरुणपणच्या खेळाडूंच्या नकला करतो, आणि पाय तेवढेच हलके आहेत.

1977 मध्ये त्याला सेझार हा फ्रेंच चित्रपटांचा पुरस्कार सन्मान म्हणून मिळाला. चित्रपट पुन्हा मोकळे झाल्यावर 1978 मध्ये तो सँ-मार्कच्या किनाऱ्यावर परत गेला आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटात नवे शॉट घातले. यूलोची होडी दुमडून शार्कच्या जबड्यासारखी होते तो प्रसंग. मधल्या काळात शार्कवरचा एक अमेरिकन चित्रपट जगभर गाजला होता, त्याची ही थट्टा. 'कन्फ्यूजन' नावाची पटकथाही तयार होती. त्यात यूलोला सुरुवातीलाच मारून टाकायचा बेत होता आणि 'स्पार्क्स' या अमेरिकन बँडमधले दोघे भाऊ काम करणार होते. पैसे उभे राहिले नाहीत. नोव्हेंबर 1982 मध्ये ताती गेला.

हिशेब पुन्हा मांडला तर

अशा प्रकरणात 'काय करायला हवं होतं' हा प्रश्न विचारणं सोपं, कारण उत्तर देणाऱ्याचं काही जात नाही. तरी विचारू. सेट टाळायला हवा होता का? नाही. यूलो मध्यभागी ठेवायला हवा होता का? तर मग चित्रपटच कशाला काढायचा! तीन वर्षं लागली, त्यातलं एखादं वाचलं असतं, पण त्याने कर्जाचा आकार बदलला असता, प्रकार नाही.

दोनच गोष्टी मला अशा दिसतात ज्या बदलल्या असत्या तर पडद्यावरची एकही फ्रेम बिघडली नसती. जुन्या चित्रपटांचे हक्क नव्याच्या कर्जाला बांधायला नको होते. निदान 'ले व्हाकाँस' तरी वेगळा ठेवायचा होता. आणि मोठ्या शहरांतलं 70 एमएमचं प्रदर्शन उरकल्यावर लहान थिएटरांसाठी 35 एमएम प्रती पहिल्याच वर्षी काढायच्या होत्या. दुसऱ्या गोष्टीने सगळं कर्ज फिटलं असतं असं नाही. पण कर्ज देणाऱ्यांसमोर बसताना तातीच्या हातात काहीतरी चालू उत्पन्न असतं.

चित्रपटाचं म्हणाल तर त्याचे दिवस पालटले. 2001 मध्ये सोफी तातिशेफ आणि नात्यातलेच नाटककार जेरोम देशाँ यांनी माशा माकेयेफसह 'ले फिल्म द मों ऑन्क्ल' ही संस्था काढून तातीच्या चित्रपटांची निगा घेतली. 2002 मध्ये 'प्लेटाइम' दुरुस्त होऊन कानमध्ये 70 एमएमवर दाखवला गेला, 124 मिनिटांचा. पहिल्या रात्रीची लांबी त्यात नाही. 2022 मध्ये ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने जगभरच्या समीक्षकांकडून सर्वोत्तम चित्रपटांची यादी मागवली, तेव्हा तो 23 वा आला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांनी मोबाइलवर पाहू नये, एवढं मात्र सांगेन. घरातला सर्वात मोठा पडदा घ्या, हेडफोन लावा, आणि पहिल्या वेळी यूलोचा पाठलाग करू नका. रॉयल गार्डनच्या प्रसंगात एकदा फक्त तो मासा बघा, दुसऱ्यांदा लोकांच्या पाठी बघा, आणि तिसऱ्यांदा बाहेरच्या निऑनच्या बाणाकडे लक्ष ठेवा. हाकलून दिलेला दारुडा त्या बाणाचं वळण धरून पुन्हा आत येतो.